विद्यार्थ्यांचा लॅपटॉप कॅम्पस नेटवर्कवर घेण्याआधी: नव्या लॅब असिस्टंटसाठी तपासणीची पद्धत

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या संपून पहिल्या वर्षाचे वर्ग भरले की नाशिकच्या कॉलेजांत आठवड्याभरात शेकड्यांनी लॅपटॉप येतात. काही कोरे असतात, काही मोठ्या भावाचे, तर बरेचसे दुकानातून ‘विंडोज टाकून’ घेतलेले सेकंडहँड. सगळ्यांना त्याच दिवशी वायफाय हवं असतं. हा लेख यंदा पहिल्यांदाच तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. ‘अँटिव्हायरस आहे का?’ हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असतं. स्क्रीनवर हिरवी खूण असते आणि ती खरीही असते, फक्त अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला असतो. म्हणून खुणांवर विसंबू नका. तारखा पाहा, आवृत्ती पाहा आणि कशाकशाला सूट दिली आहे ते पाहा.

टेबल मांडण्याआधी क्वारंटाइन

नापास लॅपटॉपचं काय करायचं हे ठरल्याशिवाय तपासणी सुरू करू नका. ‘घरी जाऊन अपडेट करून आण’ असं सांगितलं तर सुरगाणा किंवा पेठहून येऊन रूमवर राहणारा मुलगा ते मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या डेटावर करणार, म्हणजे करणारच नाही. अपडेट कॅम्पसमध्येच व्हायला हवं, आणि तेही बाकीच्यांपासून वेगळं.

त्यासाठी मॅनेज्ड स्विचवर एक स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचं वेगळं नेटवर्क, काढा. हेच आपलं क्वारंटाइन. नंबर कोणताही चालेल, समजा 90. त्यातून फक्त डीएचसीपी (आयपी पत्ता वाटणारी सेवा), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), वेळ जुळवण्यासाठी यूडीपी पोर्ट 123, नोंदणीचं पान आणि विंडोज, ॲपल, उबुंटूचे अपडेट सर्व्हर एवढंच उघडं ठेवा. अपडेट सर्व्हरना परवानगी डोमेनच्या नावाने द्या. आयपी पत्ते सतत बदलतात, त्यामुळे आयपीवर केलेला नियम आज चालतो आणि पुढच्या आठवड्यात बंद पडतो. क्वारंटाइनमधल्या दोन लॅपटॉपना एकमेकांशी बोलता येता कामा नये. ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन आणि स्विचवर पोर्ट आयसोलेशन चालू करा. नाहीतर एका आजारी मशीनपासून बाकीच्यांना लागण होण्याची सोय आपणच करून दिली असं होईल.

या आयसोलेशनची किंमतही मोजावी लागते. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे. एका संगणकाने उतरवलेलं अपडेट शेजारचा संगणक त्याच्याकडून घेऊ शकतो. क्लायंट आयसोलेशन असलं की ते बंद, आणि प्रत्येकजण बाहेरून स्वतंत्र उतरवतो. साठ मुलांची एक डिव्हिजन आणि प्रत्येकी चारेक जीबीचं मोठं अपडेट धरा. एकूण 240 जीबी होतात. 100 एमबीपीएसची लाइन दुसरं काहीच न करता फक्त यालाच दिली तरी 5 तास 20 मिनिटं लागतात. म्हणून एक डिव्हिजन एका दिवशी, आणि मोठी अपडेट रात्री.

घाईत कुणीतरी अपडेटची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपमागून लॅपटॉपला लावत सुटतो. ते करू देऊ नका. संसर्ग पसरवायला याहून चांगला मार्ग नाही. मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमधून उतरवलेल्या फाइली क्वारंटाइनमधल्याच एका साध्या वेब सर्व्हरवर ठेवा. तिथून मुलांना उतरवता येईल, लिहिता काही येणार नाही.

आणि वीज. पावसाळ्यात लाइट जाणं गृहीत धरा. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यूपीएसवर हवेत, पण खरा धोका लॅपटॉपचा आहे. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते. तो चार्जरवर चालू असतो आणि मोठं अपडेट निम्म्यावर असताना लाइट गेली की विंडोज उभंच राहत नाही. चार्जर काढून पाच मिनिटं टिकत नसेल तर इन्व्हर्टरच्या सॉकेटशिवाय मोठं अपडेट सुरू करू नका.

टेबलावरची शिस्त

एका लॅपटॉपला पंधरा मिनिटं धरा. चार टेबलं असली तर तासाला सोळा, म्हणजे साठ मुलांना चार तासांच्या आत मोकळं करता येतं. मुलींच्या वसतिगृहात तपासणी असेल तर टेबलावर महिला कर्मचारी असावी.

कीबोर्डला आपण हात लावायचा नाही. विद्यार्थी टाइप करतो, आपण सांगतो आणि पाहतो. पासवर्ड विचारायचा नाही, फोटोंचं फोल्डर, ब्राउझरची हिस्ट्री, व्हॉट्सॲप यांतलं काही उघडायचं नाही, स्क्रीनचा फोटो काढायचा नाही. नोंदवहीत रोल नंबर, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही), ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, शेवटच्या अपडेटची तारीख, निकाल आणि विद्यार्थ्याची सही एवढंच. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे. जी माहिती लागत नाही ती गोळा न करणं हाच तो पाळण्याचा सोपा मार्ग.

विंडोज: क्रम महत्त्वाचा

आधी कोपऱ्यातली तारीख-वेळ पाहा. ती चुकली असेल तर पुढचं सगळं अडतं. सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत, अपडेट एरर देतं, एंटरप्राइज वायफायचं सर्टिफिकेट अमान्य ठरतं, आणि नवखा माणूस अर्धा तास वायफाय दुरुस्त करत बसतो. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. बहुतेकदा तो सीआर2032 असतो, पण लॅपटॉपमध्ये अनेकदा वायर जोडलेला येतो. वेळ नेमकी साडेपाच तास मागे असेल तर सेल ठीक आहे, मशीनवर बहुधा ड्युअल बूट आहे, म्हणजे विंडोजसोबत लिनक्सही टाकलेलं आहे. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तीच स्थानिक समजतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून रन उघडा आणि ‘विनव्हर’ (winver) द्या. इथे लोगो नको, आवृत्ती वाचा. विंडोज 11 च्या होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी 24 महिने अपडेट मिळतात. 23एच2 ची मुदत 11 नोव्हेंबर 2025 ला संपली, 24एच2 ची 13 ऑक्टोबर 2026 आणि 25एच2 ची 12 ऑक्टोबर 2027 ही आहे. दुकानदाराने जुन्या मशीनवर अटी चुकवून अकरा बसवलेलं असेल तर वर्षाची मोठी आवृत्ती त्यावर आपणहून येत नाही. डेस्कटॉप अकराचा दिसतो आणि आत मुदत संपलेली 22एच2 असते.

तिसरी पायरी अपडेटचा इतिहास. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. गेल्या दोन महिन्यांतलं एखादं तरी क्युम्युलेटिव्ह (मागची सगळी एकत्र आणणारं) अपडेट बसलेलं असलं की पुरे. त्याहून जुनं असेल तर नुसतं ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबून भागत नाही, आधी ते कशामुळे थांबलं हे शोधा. आपल्याकडे तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं, मोबाइल हॉटस्पॉटचा डेटा वाचावा म्हणून कनेक्शन ‘मीटर्ड’ केलेलं असतं आणि विंडोज महिनोन्‌महिने काही उतरवत नाही. दुसरं, ‘पॉज’ केलेलं असतं. हे फार काळ टिकत नाही, त्यामुळे कमी त्रासाचं. तिसरं कारण वाईट. ‘नेट खातं’ म्हणून कुणीतरी सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट ही सेवाच डिसेबल करून दिलेली असते. ती पुन्हा मॅन्युअल करा आणि रीस्टार्टनंतर परत पाहा. आपोआप पुन्हा डिसेबल झाली असेल तर ते करणारा प्रोग्राम मशीनवर बसलेला आहे. अशा लॅपटॉपवर थेट लाल शिक्का, म्हणजे वायफाय बंद.

आता विंडोज सिक्युरिटी. रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन दोन्ही चालू हवेत, आणि व्हायरस व्याख्यांची तारीख तीन दिवसांच्या आतली हवी. क्विक हील, के7 असं दुसरं अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस, बाजूला होतो. तो दोष नाही. लॅपटॉपसोबत आलेलं चाचणीचं अँटिव्हायरस मुदत संपून तसंच पडलेलं असणं हा मात्र दोष. ते काढून रीस्टार्ट केलं की डिफेंडर परत चालू होतो.

वगळणीची यादी: इथे वेळ द्या

व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि पानाच्या तळाशी एक्स्क्लुजन्स. ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते, ती विद्यार्थी देईल. सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त सापडतं ते या एका पानावर.

कारण सरळ आहे. विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करणारी साधनं बसवताना पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’ किंवा ‘हे फोल्डर वगळा’. कंटाळलेला माणूस फोल्डर वगळत नाही, ड्राइव्हच वगळतो. त्यानंतर त्या ड्राइव्हवर काहीही उतरलं तरी डिफेंडर पाहत नाही, आणि वर हिरवी खूण जशीच्या तशी.

दुजोरा हवा असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडा. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने सक्रिय’ अशा अर्थाचं वाक्य असेल आणि कॉलेजने तसं लायसन्स दिलेलं नसेल, तर ॲक्टिव्हेटर बसवलेला आहे. उलट खात्री मात्र मिळत नाही. काही साधनं व्यवस्थित डिजिटल लायसन्सही उमटवतात, म्हणून ॲक्टिव्हेशन स्वच्छ दिसलं तरी वगळणी पाहायचीच.

सगळीच वगळणी गुन्हा नसते. अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःच प्रोजेक्टची फोल्डरं वगळायला सुचवतो, बिल्ड लवकर व्हावं म्हणून. इंजिनिअरिंगच्या मुलाकडे असं एखादं फोल्डर असलं तर सोडा. डाउनलोड्स, टेम्प, पूर्ण ड्राइव्ह किंवा ईएक्सई हा अख्खा फाइल प्रकार वगळलेला असेल तर सोडू नका.

इथे पोलिसी करायची नाही, रागवायचंही नाही. लायसन्सचा व्यवहार बहुतेक वेळा दुकानात झालेला असतो आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. वगळणी काढा, पूर्ण स्कॅन लावा, मग मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं जातात. दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर वापरता येतो, पण तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो. गेल्या बॅचची फाइल जपून ठेवण्यात अर्थ नाही.

काही सापडलं तर खरा इलाज स्वच्छ विंडोज पुन्हा टाकणं हाच. किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह आणि मीडिया क्रिएशन टूल लागतं. मूळ विंडोज 10 किंवा 11 सोबत विकलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्याची लायसन्स की सहसा असते. बहुतेकदा ती होमची असते आणि दुकानात प्रो टाकलेलं असतं, म्हणून लायसन्स नाही असं वाटतं. होम टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कीच नसली तरी ॲक्टिव्हेट न केलेल्या विंडोजला सुरक्षा अपडेट मिळत राहतात. लायसन्स घेईपर्यंत ते ॲक्टिव्हेटर लावलेल्या विंडोजपेक्षा कितीतरी बरं.

पुन्हा टाकण्याआधी किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षा चिप किंवा सिक्युअर बूट यांना हात लावण्याआधी ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला आहे का ते बघा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिव्हाइस एनक्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. बायोसमध्ये बदल झाला की मशीन 48 आकडी रिकव्हरी की मागतं. ती विद्यार्थ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि ते खातं कोणत्या ईमेलवर आहे हे त्याला आठवत नसतं. आधी की काढून लिहून घ्यायला लावा. नसेल तर बायोस उघडूच नका. गेलेला डेटा परत आणता येत नाही.

उरलेलं विंडोज

फायरवॉलचे डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक हे तीनही प्रोफाइल चालू हवेत आणि कॉलेजचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं हवं. मित्रांसोबत लॅनवर गेम खेळताना फायरवॉल बंद केली जाते आणि तशीच राहते.

फाइल शेअरिंगचा जुना एसएमबी 1.0 हा प्रकार विंडोज फीचर्सच्या यादीत बंद हवा. एखादा जुना प्रिंटर चालवायला तो चालू केलेला असतो. 12 मे 2017 ला पसरलेला वॉनाक्राय याच वाटेने, पोर्ट 445 मधून, मशीनमागून मशीन घेत गेला. त्यावरचं अपडेट त्याआधी जवळपास दोन महिने, 14 मार्चला आलं होतं.

दूरून ताबा देणारी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर अशी ॲप्स शोधा. दुरुस्तीसाठी दुकानदाराने टाकलेली असतात आणि कधी न विचारता जोडता यावं म्हणून कायमचा पासवर्डही लावलेला असतो. गरज नसेल तर काढा.

पासवर्डबद्दल लोकांना पटत नाही अशी एक गोष्ट. पासवर्ड नसलेल्या खात्यावर विंडोज मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कवरून लॉगिन करू देत नाही. म्हणून तपासणीत पास व्हायला घाईघाईने 1234 ठेवला तर नेटवर्कच्या नजरेतून मशीन आधीपेक्षा जास्त उघडं पडतं. ठेवायचाच तर नीट ठेवा, नाहीतर पिन किंवा बोटाचा ठसा लावा.

विंडोज 10 घेऊन आलेल्यांचं काय

हा प्रश्न सगळ्यात जास्त येईल. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वैयक्तिक संगणकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. तिची जाहीर मुदत 13 ऑक्टोबर 2026 आणि अट 22एच2 आवृत्तीची. नोंदणी झाली आहे का ते विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतं. नोंदणी असेल तर मुदतीपर्यंतच प्रवेश द्या आणि ती तारीख नोंदवहीत लिहा.

अकरावर जाता येतं का हे प्रोसेसरच्या नावावरून पटकन कळतं. अधिकृत अट इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम 2.0. आय5-8250यू आठव्या पिढीचा, म्हणून चालतो. आय5-6300यू सहाव्या पिढीचा, तो नाही. रिफर्बिश्ड बाजारातले स्वस्त ऑफिस लॅपटॉप नेमके सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. त्यांच्यासाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा चांगला पर्याय आहे, 4 जीबी रॅमवर तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्तीच. सुचवण्याआधी मात्र एक विचारा: कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षा कोणत्या सॉफ्टवेअरवर होतात? सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, लिनक्सवर नाही. तिथे परीक्षेसाठी लॅबमधला संगणक देण्याची तयारी विभागाने ठेवावी.

मॅक आणि लिनक्स

मॅक पाच मिनिटांत होतो. ॲपल सहसा अलीकडच्या तीन मॅकओएस आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट देतं. त्याहून जुनी असेल तर पिवळा शिक्का, म्हणजे अपडेट होईपर्यंत क्वारंटाइन. फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बंद असते, ती चालू करून घ्या.

लिनक्सवाल्याकडे आवृत्तीची मुदत आणि राहिलेली अपडेट पाहा. उबुंटू 20.04 चा नेहमीचा आधार 2025 च्या मे महिन्यात संपला. काली हे सुरक्षा-चाचणीचं लिनक्स दिसलं म्हणून नापास करू नका, शिकणारी मुलं ते टाकतातच. पण तयार व्हर्च्युअल मशीनचं मूळ नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘काली’च असतात. ते बदललेत का आणि दूरून लॉगिन करू देणारी एसएसएच सेवा उगाच चालू आहे का, एवढं बघा.

निकाल आणि नोंदणी

हिरवा म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हीलॅनवर. पिवळा म्हणजे अपडेट, वगळणी किंवा फायरवॉलचं काम बाकी, तोवर क्वारंटाइन. लाल म्हणजे मालवेअर सापडलं किंवा मुदत संपलेली, अपडेटही होऊ न शकणारी सिस्टिम आहे. वायफाय बंद आणि लेखी कारण हातात. ‘सरांनी सांगितलंय’ म्हणून पिवळ्याचा हिरवा करू नका. क्वारंटाइनमध्ये अपडेट मिळतातच, अडत कुणाचं नाही.

मॅक पत्ता नोंदवताना दुसरा आकडा पाहा. तो 2, 6, ए किंवा ई असेल तर बहुतेक तो यादृच्छिक पत्ता आहे आणि नंतर बदलू शकतो. कॉलेजच्या वायफायपुरता रँडम पत्ता बंद करायला लावा. तरीही मॅक पत्ता ही ओळख नव्हे, त्याची नक्कल कुणीही करू शकतं. ओळख 802.1एक्स ने, म्हणजे रेडियस सर्व्हरवर प्रत्येकाच्या वेगळ्या लॉगिनने ठरवा. फ्रीरेडियस फुकट आहे, आणि व्हीलॅन बदलण्याचं काम आपोआप व्हावं असं वाटत असेल तर पॅकेटफेन्स. लॅपटॉपवर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची खूण चालू ठेवा. ती काढली तर त्याच नावाचं खोटं वायफाय उभं करून कुणीही पासवर्ड गोळा करू शकतं.

तपासणी म्हणजे त्या दिवसाची स्थिती, म्हणून दर सत्राला ती पुन्हा करा आणि मधल्या काळाचं ओझं स्विचवर टाका. वसतिगृहात कुणीतरी घरचा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टात भिंतीतली वायर खुपसतो, आणि मजल्यावरच्या सगळ्यांना चुकीचे आयपी मिळू लागतात. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी पोर्टवरून आयपी वाटू न देणारी सोय) चालू असेल तर हे होत नाही. लूप ओळखून पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लावला की दोन्ही टोकं भिंतीत लावून केलेला लूपही तिथेच थांबतो.

सत्राच्या मध्ये फायरवॉलने एखादं मशीन संशयास्पद दाखवलं तर ते आधी क्वारंटाइनमध्ये हलवा, फोन नंतर करा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात, म्हणून घटनेची वेळ नोंदवहीत मिनिटासह लिहा. सर्व उपकरणांची घड्याळं वेळ जुळवणाऱ्या एकाच (एनटीपी) सर्व्हरवर नसतील तर ते लॉग एकमेकांशी जुळत नाहीत. बॉट (दूरून दुसऱ्याच्या हुकमावर चालणारं मालवेअर) साफ करण्याची मोफत साधनं सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मिळतात, तो पत्ताही क्वारंटाइनच्या परवानगी यादीत टाका. विद्यार्थ्याचे पैसे गेले असतील तर लॅपटॉप बाजूला ठेवून आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावायला सांगा. मशीन तोवर फॉरमॅट करू नका.